मंगळवारची सतरंजी

या, असे जवळ या. मागे खांबाला टेकून बसलेत त्यांनीही थोडं पुढं सरका. ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही. टाळ मांडीवर ठेवा, पाणी प्यायचं असेल तर पिऊन घ्या. एका माउलीची कथा तुमच्या पदरात घालायची आहे. तिच्या ओठांवर चार महिने एकच शब्द होता, 'बेस'. तसा तो शब्द वाईट नाही हो. तुमच्याआमच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो. पण त्या एका शब्दानं तिच्या लेकराचं काय नेलं, आणि ते परत आणताना तिच्या हातून काय सुटलं, ते ऐका.

चिखली तालुक्यात अमडापूर. बाजाराची गल्ली ओलांडली की विठ्ठल मंदिराच्या पाठीला पाठ लावून किसनरावांचं घर. किसनराव म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आणि गावच्या सप्ताहात वीणेचा मान त्यांचा. घरात बायको मनकर्णाबाई. एकुलता एक मुलगा गोपाल चाकणला कंपनीत, दोन महिन्यांतून एकदा गावी यायचा. त्याची बायको सुचिता, हीच आपली माउली. आणि तिच्या कडेवर सोयरा, चार वर्षांची. हे संत सोयराबाईंचं नाव आजोबांनी मेहुणाराजा गावच्या एका कीर्तनात ऐकलं होतं. घरी येऊन म्हणाले होते, "लेक झाली तं हेच ठेवजा."

सोयरा जन्मली तेव्हा रडली नाही. इतर लेकरं मान सावरायला लागतात त्या महिन्यात तिची मान आईच्या दंडावरून घरंगळायची. दोन वर्षांची झाली तरी बसेना. बसवायला जावं तर अंग धनुष्यासारखं ताठ करून मागं सुटायची, आणि पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढायचे. डोळे मात्र असे पाणीदार, की मंदिरात टाळ वाजला की मान वळवून जणू भिंतीपलीकडं पाहायची.

"काही काही लेकरं उशिरा बसतात," मनकर्णाबाई म्हणायच्या. खामगावच्या डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं. कोणी मालिश सांगितली, कोणी दृष्ट काढली. अशी पहिली तीन वर्षं गेली. मग एकदा अंगणवाडीत लेकरं तपासणारी सरकारी गाडी आली. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोयराचे पाय वाकवून पाहिले आणि एक चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी किसनरावांच्या हाती पडली. कागद सरकारी आणि त्यावर नातीचं नाव, म्हणजे तो देवापुढंच असायला पाहिजे, असं त्यांच्या भाबड्या मनाला वाटलं. त्यांनी तो देव्हाऱ्यात विठोबाच्या तसबिरीमागं नीट ठेवला. पाच महिने त्या चिठ्ठीनं उदबत्तीचा धूर खाल्ला.

दिवाळीला तसबीर पुसताना ती सुचिताच्या हाती लागली. तिनं गावच्या आशाताईला, धम्मशीलाला, ती दाखवली.

"व माय! पाच महिने झाले याले?" धम्मशीलानं कपाळावर हात मारला. "अव, हे बुलढान्याची चिठ्ठी हाय. मोठ्या दवाखान्याच्या मांगं अशा लेकरायचं केंद्र हाय. व्यायाम घ्याले मॅडम हाय, पाय सरळ राहाले पट्टे देतात, बोलाले शिकवतात. सारं सरकारी. तुले कोनंच नाही सांगतलं?"

"कोन सांगन ताई?" सुचिता म्हणाली. "मी कोनापाशी बसतो का?"

ते खरंच होतं. घर, म्हैस, आणि कडेवर पोर. बाया विहिरीवर, लग्नात, हळदीकुंकवाला बोलावायच्या. पण ताठ होऊन ओरडणारं लेकरू घेऊन कुठं बसणार? हळूहळू तिनं जाणं सोडलं, आणि त्यांनी बोलावणं सोडलं.

तर अशी मंगळवारची वाट सुरू झाली. पहाटेचा स्वयंपाक उरकून सातच्या गाडीनं चिखली. तिथं स्टँडवर सोयराला कडेवर तोलत उभं राहायचं, मग बुलढाण्याची गाडी. केंद्राची खोली लांबट होती. एका भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात बसायला येईल एवढे रबरी चेंडू, आणि फरशीवर निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक जुनी सतरंजी. काठाच्या दशा सुटलेल्या. लेकरांचा व्यायाम घ्यायच्या त्या हीना मॅडम. वयानं सुचिताएवढ्याच, पण हात असा की ताठलेली सोयरा त्यांच्या मांडीवर दोन गाण्यांत लोण्यासारखी सैल पडायची. मग त्या तिला पुढ्यात बसवायच्या, कमरेला दोन बोटांचा आधार द्यायच्या, आणि पोर आरशात स्वतःला पाहत बसायची. पहिल्यांदा ती तशी बसली तेव्हा सुचितानं आरशातूनच पाहिलं. सरळ पाहायची हिंमत होईना.

त्याच सतरंजीच्या काठावर नांदुऱ्याची हुस्नबानो बसायची, आपल्या अनसला घेऊन. अनस सहा वर्षांचा, मान सतत हलती, दिसेल ते चावायची सवय. नांदुऱ्याहून येताना घाट चढावा लागतो.

"घाटात याचं पोट खाली होते न माही ओढनी भरते," पहिल्याच दिवशी ती हसत म्हणाली होती. "म्हनून मी दोन ओढन्या आनतो. एक घाटाची, एक मॅडमची."

सुचिताला किती महिन्यांनी हसू आलं कुणास ठाऊक. हुस्नबानो बसली की तिची बोटं आपोआप सतरंजीच्या दशा गोळा करायची आणि तीन पेडांची बारीक वेणी घालायची. एक झाली की दुसरी. "हाताले काम नसलं तं हात रडतात माहे," म्हणायची. सुचिता तिला आपा म्हणू लागली. दर मंगळवारी ती वेणी जिथं थांबलेली असे, तिथूनच दोघींचं बोलणं पुढं सुरू व्हायचं. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस सुचिताशी कुणी बोलायचं ते फक्त काम सांगायला.

आता तो शब्द.

मॅडम प्रत्येकीला घरचं विचारायच्या आणि लेकराच्या वहीत खूण करायच्या. पट्टे घातले का, किती वेळ बसलं, हातानं घास घेतला का. हुस्नबानो धडाधडा सांगायची, "नाही मॅडम. काहीच नाही केलं. दोन राती झाल्या, झोपला नाही तो, न मी बी नाही. पट्टे बांधाले गेली तं मलेच चावला, हे पाहा." आणि मनगट पुढं करायची. सुचिता खाली पाहायची. तिला आपाचीच लाज वाटायची. इतकं उघडं कसं बोलवतं माणसाला?

मग मॅडम तिच्याकडं वळत. "सोयराचं कसं? घरी बसते ना अशी?"

"हो मॅडम. बेस बसते. माउलीची कृपा."

"पट्टे?"

"घालतो ना. रोज."

"वा!" म्हणत मॅडम वहीत बरोबरची खूण करायच्या.

खोटं बोलायचं म्हणून ती बोलत नव्हती, हे ध्यानात घ्या. किसनरावांच्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिनं एक रीत पाहिली होती. कुणी विचारलं, कसं काय, तर म्हणायचं, बेस हाय, पांडुरंगाची कृपा. पीक गेलं तरी बेस. गुडघा धरला तरी बेस. देवानं दिलं त्याबद्दल दुसऱ्यापुढं गाऱ्हाणं मांडायचं नाही. ती रीत तिच्या जिभेवर माळेसारखी चढली होती. आणि तिच्याखाली एक भीतीही होती, तिची स्वतःची. अंगणवाडीत सोयराला बसता येत नाही म्हटल्यावर बाई म्हणाल्या होत्या, मग नका आणत जाऊ. बायांनी तेच केलं होतं. जिथं जिथं 'येत नाही' म्हटलं, तिथून तिथून नाव कमी झालं. हे एक ठिकाण उरलं होतं.

घरी काय चालायचं? हीना मॅडमच्या हाताखाली बसणारी सोयरा घरी आली की ताठ. पट्टे बांधले की किंकाळी. मंदिरात भजन चालू, घरात लेकरू रडतंय, हे मनकर्णाबाईंना सोसायचं नाही.

"काऊन छळतं व तिले? गायीच्या वासरासारखं बांधून ठेवते!"

"आत्याबाई, मॅडमनं सांगतलं..."

"मॅडमच्या पोटची हाय का ते?"

किसनरावांचाही जीव कळवळायचा. एक दिवस त्यांनीच पट्टे सोडले आणि देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगले. "राहू दे बाई. लेकराले बांधू नये." पट्टे तिथंच राहिले. मंगळवारी सकाळी सुचिता ते पिशवीत टाकायची आणि संध्याकाळी परत खुंटीला.

फाल्गुनात मॅडमनी वही उघडून पानं मागंपुढं केली. सगळीकडं बरोबरच्या खुणा.

"सुचिताताई, कमाल केली तुम्ही. इथं बसते, घरी बसते, पट्टे रोज. मग दर आठवड्याला दोन दोन गाड्या बदलून तिला कशाला दमवता? आता एकदम जूनमध्ये आणा. घरचा व्यायाम असाच चालू ठेवा. तुमचा मंगळवार मी मोताळ्याच्या एका बाळाला देते. फार दिवसांपासून थांबलेत हो ते लोक."

सुचिताच्या तोंडाशी सगळं आलं होतं. आणि ती म्हणाली, "बेस हाय मॅडम."

हुस्नबानोच्या हातातली वेणी थांबली. तिनं मान वर करून सुचिताकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

घरी ही बातमी आनंदाची ठरली! विचार करा. घरी तिला बसलेली कुणी पाहिली नव्हती, पण मॅडमनंच सोडलं म्हणजे सुधारलीच, असं सगळ्यांनी धरलं. गोपाल फोनवर म्हणाला, "जूनमधी बोलावलं? म्हंजे सुधरली ना पोरगी! मी म्हनलं नव्हतं?" मागं कंपनीच्या गाडीचा भोंगा वाजत होता, त्याला पाळीवर जायचं होतं. मनकर्णाबाईंनी दाराशी आलेल्या प्रत्येकीला सांगितलं. किसनरावांनी मंदिरात पेढे वाटले. एक पेढा सुचिताच्या हातावर ठेवला, एक चुरून सोयराच्या ओठांना लावला. "माउलीनं ऐकलं," म्हणाले, आणि डोळे पुसले. त्या पेढ्याची चव सुचिताला कशी लागली असेल, ते आपण बोलायला नको.

पुढचा मंगळवार आला. सवयीनं ती पहाटे उठली, भाकरी थापल्या, आणि मग लक्षात आलं. सातची गाडी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवून गेली. ती चुलीपुढंच बसून राहिली. त्याच्या पुढचाही मंगळवार तसाच गेला. दार लावून तिनं एकटीनं व्यायाम घ्यायचा प्रयत्न केला, मॅडमचं गाणं म्हणून पाहिलं. पण तिच्या आवाजातली भीती लेकराला कळायची आणि ते अजूनच आवळायचं. महिनाभरात सोयराचे गुडघे असे जुळले, की आंघोळ घालताना मधून हात जाईना. चड्डी घालणं दोघींचं काम झालं, पण घरात दुसरी मदतीला यायची नाही. सुचितानं कुणाला सांगावं? साऱ्या गावाच्या मते तिची लेक बरी झाली होती.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसला. आता तुम्ही सारे जाणते आहात, तरी गोष्टीच्या ओघात सांगतो. सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचा पहारा. वीणेकरी उभा, मुखी नाम, आणि बोट तारेवर.

चौथ्या दिवशी बारा ते दोनचा पहारा किसनरावांचा होता. ऊन असं, की मंडपाचं कापडसुद्धा तापून वास मारत होतं. ऐकणारे जेवायला गेलेले. एका कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या पेंगत होत्या, आणि खांबाशी गार फरशी पाहून सुचिता सोयराला मांडीवर घेऊन बसली होती. तारेचा आवाज चालू असला की पोर शांत असायची.

दोन वाजले. पुढचा पहारा रंगरावांचा. रंगराव आलेच नाहीत. अडीच झाले. किसनराव या पायावरून त्या पायावर भार टाकू लागले. सुचिताला दिसत होतं, त्यांच्या धोतराची किनार थरथरत होती. तिला वाटलं, आता हे उभ्या उभ्या पडतील, पण बोलायचे नाहीत. बोलतील कसे? यांच्याच घरची रीत ना ती.

किसनराव थांबले. अख्ख्या रिकाम्या मंडपाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "अरे, कोनी वीना घ्या रे! माह्याच्यानं होत नाही आता!"

मागच्या बाजूला महाप्रसादाच्या चुलीवर भागवत आचारी होता. तो कणकेचे हात घेऊनच धावला, परत वळला, हात धुतले, आला. किसनरावांच्या पाया पडला, वीणा आपल्या गळ्यात घेतली, आणि जिथं नाम थांबलं होतं तिथूनच उचललं. एका म्हातारीनं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. हसलं कुणी नाही.

किसनराव भिंत धरत सुचिताजवळ येऊन बसले आणि गुडघे चोळू लागले.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमाले लाज नाही वाटली? असं वरडून सांगाची?"

"कायची लाज?" ते म्हणाले. "मी उगा उभा राह्यलो असतो न पडलो असतो, तं वीना पडली असती. माहे गुडघे गेले तं जावोत."

सुचितानं मांडीवरच्या लेकीकडं पाहिलं. मग पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला, आणि म्हणाली, "मामाजी, सोयरा घरी बसत नाही. कधीच नाही बसली. मी मॅडमले खोटं सांगतलं. पट्टे खुंटीलेच हायत. तिचे पाय आता उघडत नाहीत."

भागवतचा आवाज जाडाभरडा होता, पण सुरात होता. किसनरावांनी नातीच्या जुळलेल्या गुडघ्यांवर हात ठेवला. किंचित फाकवून पाहिले. फाकेनात.

"पट्टे मीच टांगले होते," ते म्हणाले. आणि मग, "मंगळवारी जाय. जसं हाय तसं सांग. कृपा-बिपा काही म्हनू नको."

सप्ताह चालू, वीणेचा मान त्यांचा, त्यामुळं बरोबर कुणी नव्हतं. सुचिता एकटीच गेली. चिखलीला गाडी उशिरा आली. सोयराला आता कडेवर बसवताही येत नव्हतं, पाय कमरेभोवती वळायचेच नाहीत. लाकडाच्या मोळीसारखी आडवी धरून ती दीड तास उभी राहिली. एका बाईनं विचारलं, "झोपली का लेक?" सवयीचा शब्द ओठांवर आला. तिनं तो गिळला आणि नुसती नाही अशी मान हलवली.

खोलीत सोयराच्या जागी एक गोरंपान बाळ पालथं पडलं होतं, शेजारी त्याचा तरुण बाप गाणं म्हणत होता, लाजत लाजत. सतरंजीच्या काठाला हुस्नबानो होती. अनस रबरी बदक चावत होता.

"अरे, तुमची तारीख जूनची ना?" हीना मॅडम म्हणाल्या.

सुचितानं सोयराला सतरंजीवर ठेवलं. आधार दिला नाही, सावरलं नाही, फ्रॉक ओढून पाय झाकले नाहीत. लेकरू ताठ झालं, पाय एकमेकांवर चढले.

"मॅडम, बे..." ती म्हणाली. थांबली. "बेस नाही मॅडम. हे घरी अशी असते. बसत नाही. मी कधी पट्टे घातले नाहीत. हातानं खात नाही, मी भरवतो, तं दीड तास लागते, अर्धं बाहीर येते. आंघोळ घालता येत नाही आता. मी चार महिने तुमाले खोटं सांगतलं."

मॅडमनी गुडघा धरला, हळूहळू दाबून पाहिला, टाच पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"मला का नाही सांगितलं हो?"

"तुमी नाव कापसान, असं वाटे."

"अहो, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीच ही खोली काढली आहे ना सरकारनं! तुम्ही जमतंय म्हणालात, म्हणून मी जागा काढून घेतली." आवाज चढला होता, तो त्यांनी सावरला. "किती मागं गेलीय ती. एवढं परत मिळवायला दिवाळी उजाडेल. मोठ्या डॉक्टरांनाही दाखवावं लागेल."

सुचिता मान हलवत राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

"मले मालूम होतं," काठावरून हुस्नबानो म्हणाली. "पट्टे घातलेल्या पायाले वळ पडतात. आमच्या अनसच्या पायाले पाहा. तुह्या पोरीचे पाय साफ असत."

"मंग तुमी काऊन नाही बोलल्या आपा?"

"कशी बोलू बहन? तू हर वख्ती देवाचं नाव घेऊन सांगे." तिनं हातातली दशा खाली ठेवली. "त्याच्यावर माहं बोलनं बरं दिसलं असतं का?"

मॅडमनी रजिस्टर चाळलं. मंगळवार आता मोताळ्याच्या बाळाचा होता, तो काढून घेता येत नव्हता, आणि सुचितानंही तो मागितला नाही. शुक्रवारी अकरानंतर एक जागा होती. त्यांनी नाव लिहिलं.

त्या दिवशी दोघी स्टँडवर बरोबर आल्या. सुचितानं तिकिटाच्या पाठीवर आपला नंबर लिहून दिला. "फोन नौशादपाशी असते," हुस्नबानो नवऱ्याबद्दल म्हणाली, "पाहू." आणि चिठ्ठी अनसच्या फायलीत खोचली. नांदुऱ्याची गाडी आधी लागली. खिडकीतून तिनं घाटाची ओढणी काढून दाखवली, आणि दोघी हसल्या.

मग शुक्रवार सुरू झाले. खोली तीच, मॅडम त्याच, पण शुक्रवारी त्या वेळेला दुसरं कुणी नसायचं. सतरंजी मोकळी. मात्र पहिल्याच शुक्रवारी सुचिताची नजर काठाकडं गेली. दशांची एक नवी वेणी होती, बारीक, तीन पेडांची. रबरी बदकाच्या शेपटीला ताजे दात उमटले होते. म्हणजे आपा मंगळवारी येऊन गेली. सोयराचा व्यायाम चालला असताना सुचितानं त्या वेणीशेजारी आपली एक वेणी घातली. तिला बारीक जमेना, जाडसर झाली. पुढच्या शुक्रवारी पाहते तर तिच्या जाड वेणीच्या पुढं बारीक वेणी जोडलेली.

असं बरेच आठवडे चाललं. बोलणं म्हणाल तर एवढंच.

घरी पट्टे खुंटीवरून खाली आले. ते आता किसनराव बांधतात. पोर रडते, त्यांचेही डोळे वाहतात, आवाज फाटतो, पण ते मोठ्यानं भजन म्हणत बांधतात आणि घड्याळ पाहिल्याशिवाय सोडत नाहीत. मनकर्णाबाई तेवढा वेळ म्हशीपाशी जाऊन उभ्या राहतात. वहीत फुल्याच फुल्या आहेत. सुचिता एकेक नीट सांगते, "हे नाही जमलं मॅडम. हेबी नाही." पोळ्याच्या आठवड्यात एक बरोबरची खूण झाली. सोयरा घरी, आजोबांच्या पुढ्यात, कमरेला दोन बोटं लावल्यावर एक अभंग संपेपर्यंत बसली. छोटा अभंग होता. तरी पूर्ण झाला.

ही बातमी आपाला सांगायची म्हणून त्या शुक्रवारी सुचितानं चांगली लांब वेणी घातली. पुढच्या शुक्रवारी आली, तर वेणी तशीच. पुढं काही जोडलेलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. बदक फळीवर कोरडं पडलं होतं.

"ते लोक सुरतेला गेले," मॅडम म्हणाल्या. "अनसच्या वडिलांना तिकडं काम लागलं. मी चिठ्ठी लिहून दिलीय. तिकडंही असं केंद्र असेलच. पण शोधावं लागेल तिला."

सुचितानं काठावरच्या दशा हातात घेतल्या. व्यायाम संपेपर्यंत तिची बोटं चालू होती. परतीच्या गाडीत तिनं दोनदा फोन काढून पाहिला. चिठ्ठीवरचा तिचा नंबर आपाकडं आहे. आपाचा तिच्याकडं नाही.

आता आरतीला उभे राहाल. टाळ उचलाल. तेव्हा एक करा. सुरतेच्या कुठल्याशा दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात, भाषा नवी, एका हातात फाईल, कडेवर मान हलणारं लेकरू, आणि दारोदार विचारत फिरणारी एक बाई डोळ्यांपुढं आणा. पहिल्याच दिवशी ती तिथल्या मॅडमला खरं ते सांगेल, त्याची काळजी नाही. फक्त तिला ते दार सापडू द्या. आणि तुमच्या वाटेत अशी कुणी रस्ता विचारत आली, तर नुसतं बोट दाखवून थांबू नका, दारापर्यंत सोबत जा. तिचं नाव हुस्नबानो. लेकराचं नाव अनस. आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा ही दोन नावं तेवढी आठवा.